आठ रेआल

आठ रेआल : स्पॅनिश साम्राज्यात सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडले जाणारे चांदीचे मोठे नाणे. स्पॅनिशमध्ये ‘रेआल दे आ ओचो’ किंवा पेसो. इंग्रज त्याला स्पॅनिश डॉलर म्हणत, पोर्तुगीज पताका. स्पेनची राणी इसाबेला व राजा फेर्नांदो यांनी १४९७ मध्ये मेदिना देल काम्पो येथे काढलेल्या फर्मानाने रेआल या चांदीच्या मूळ नाण्याचा कस (शुद्धता) शेकडा सु. ९३ आणि एका मार्क (सु. २३० ग्रॅम) चांदीत ६७ रेआल असे प्रमाण ठरले. त्याच्या आठपट वजनाचे, म्हणजे सु. २७.५ ग्रॅमचे नाणे पुढच्या शतकात निघू लागले.

या नाण्याला जगभर फिरवले ते अमेरिकेतल्या खाणींनी. मेक्सिकोची टांकसाळ १५३६ मध्ये सुरू झाली. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि तिथल्या खाणींत आदिवासींना वेठीने राबवले गेले. नाणी पाडण्याची रीत ओबडधोबड होती : चांदीच्या कांबीचे तुकडे तोडायचे, वजनाला जास्त भरले तर कडा छाटायच्या आणि हातोड्याने छाप मारायचा. ‘माकुकिना’ म्हटली जाणारी ही वेडीवाकडी नाणी पोतोसीत १७७३ पर्यंत निघत होती. वजन बरोबर असले की झाले. रूपाची कोणाला पर्वा नव्हती.

पोतोसीतच या नाण्याच्या विश्वासाला सर्वांत मोठा तडा गेला. १६४० च्या दशकात टांकसाळीतून सर्रास हिणकस नाणी बाहेर पडली. चौकशीनंतर पारखी फेलिपे रामिरेस दे आरेल्यानो आणि चांदीचा व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा यांना देहदंड झाला. हिणकस नाण्यांची किंमत उतरवून त्यांच्यावर मुकुटाची छोटी खूण मारली गेली. १६५२ पासून नवा छाप आला : समुद्राच्या लाटांवर हर्क्युलिसचे दोन स्तंभ (जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचे प्रतीक), आणि वर्ष, टांकसाळीची खूण व पारख्याचे आद्याक्षर एकाहून अधिक ठिकाणी. हेतू जबाबदारी निश्चित करण्याचा होता. आज त्याचा फायदा संग्राहकाला होतो, कारण अर्धवट उठलेल्या छापातही एखादी खूण वाचता येते.

यंत्रावर पाडलेली, नक्षीदार कडेची गोल नाणी मेक्सिकोत १७३२ मध्ये आली. त्यांवर दोन स्तंभांमध्ये पृथ्वीचे दोन गोल आहेत. १७७२ पासून राजाचे मुखचित्र आले. त्याच वेळी, आणि पुन्हा १७८६ मध्ये, गुपचूप कस कमी करण्यात आला आणि तो शेकडा ९० च्या किंचित खाली गेला. तरी मान टिकून राहिला. अमेरिकेने १७९२ मध्ये आपला डॉलर याच नाण्यावर बेतला आणि १८५७ पर्यंत हे नाणे तिथे कायदेशीर चलन होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत १८१३ मध्ये ४०,००० नाण्यांना मधोमध भोक पाडून एकाची दोन नाणी करण्यात आली.

भारतात ही चांदी सुरतेच्या बंदरातून आणि लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांतून उतरे. एका नाण्यात दोन रुपयांहून अधिक चांदी असे. पूर्वेच्या बाजारात स्पॅनिश नाण्यालाच मागणी असताना एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्याच मापाची स्वतःच्या छापाची नाणी पाडून पाहिली. ती चालली नाहीत. मोगल मुलुखात मात्र परकी छापाला मोल नव्हते. सराफ कस पाहत, टांकसाळ ती वितळवून रुपये पाडी. एवढी चांदी येऊनही मूळ नाणी इथे फारशी उरली नाहीत, ती यामुळेच.

आजची किंमत चांदीच्या भावावर थोडीच अवलंबून असते. मेक्सिकोची राजमुखाची नाणी प्रचंड संख्येने पाडली गेल्यामुळे आवाक्यात आहेत. १७३२ चे स्तंभनाणे दुर्मिळ. माकुकिनात पूर्ण वर्ष वाचता आले की भाव चढतो. पोतोसीची मुकुटखुणेची हिणकस नाणी आता मुद्दाम शोधली जातात. चीनमध्ये पोचलेल्या नाण्यांवर तिथल्या सराफांनी पारख करून ठोकलेल्या बारीक खुणा पूर्वी दोष मानल्या जात. आता केवळ त्याच जमवणारे संग्राहक आहेत. १६२२ मध्ये बुडालेल्या ‘आतोचा’ या स्पॅनिश जहाजावरील नाण्यांना खाऱ्या पाण्याने झिजूनही कथेमुळे मोल येते. १८०४ मध्ये बुडालेल्या ‘मेर्सेदेस’ या स्पॅनिश युद्धनौकेवरची पाच लाखांहून अधिक नाणी एका अमेरिकी कंपनीने वर काढली, पण न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१२ मध्ये ती स्पेनला परत गेली.

जुने नाणे घासूनपुसून चकाचक करणे म्हणजे किंमत आपल्या हाताने घालवणे. बनावट नाणी पूर्वीही निघत, आजही निघतात. यंत्राच्या नाण्याचे वजन सु. २७ ग्रॅम हवे. कडेची नक्षी दोन पट्ट्यांमध्ये नाणे फिरवून उमटवली जाई, त्यामुळे समोरासमोरच्या दोन ठिकाणी ती एकमेकीवर चढलेली दिसते. साच्यात ओतलेल्या नकलेत बहुधा कडेभोवती सांधा सापडतो. भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.