गोरे इस्रायल, काळे इस्रायल

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, आहे. जुनी माणसं त्याला सरळ ‘मशीद’ म्हणत. कोकणात बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे यहुदी, किती मुरले होते हे त्या एका शब्दात कळतं. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची पिढीजात कथा. पुढे त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली: पेणकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर.

गावाकडून त्यांनी आणखी एक गोष्ट उचलली, ती मात्र कौतुकाची नाही. समाजात गोरे आणि काळे असे दोन भाग पडले. नाव रंगाचं, हिशेब आईच्या कुळाचा. सात जोडप्यांचा ‘शुद्ध’ वंश तो गोरा. इस्रायली बाप आणि इथल्या दुसऱ्या समाजातली आई असेल तर संतती काळी. दोघांत सोयरीक होत नसे. काळ्यांनी वापरलेलं भांडं गोऱ्यांना चालत नसे. प्रार्थना एकच, देव एकच. पण पंगतीचा विटाळ थेट आपल्या वाडीतला.

मुंबईत पारडं उलटलं. बगदादहून आलेल्या यहुदी व्यापाऱ्यांना बेने इस्रायलच संशयास्पद वाटू लागले. 1836 साली या बगदादींपैकी काहींनी दफनभूमीत मधोमध भिंत घालावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. मेल्यावरही शेजार नको! घरात गोरे म्हणून मिरवणारे तिथे सगळे एकाच बाजूला गेले.

1948 नंतर हजारो जण इस्रायलला गेले. युरोपातल्यांना पांढरा पाव, आम्हाला काळा, अशी तिथली एक तक्रार होती. काहींनी धरणं धरलं, आणि 1952 मध्ये काही कुटुंबं चक्क भारतात परतली. खरा घाव 1962 चा. तिथल्या यहुदी धर्मगुरूंच्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्रायल आणि इतर यहुदी यांचं लग्न लावण्याआधी बेने इस्रायल वधू किंवा वराची आई, आजी आणि जमेल तितकी मागची पिढी तपासा. म्हणजे गोऱ्यांनी काळ्यांना विचारलेला तोच प्रश्न, आता दोघांनाही.

जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं. ऑगस्ट 1964 मध्ये संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं. धर्मपीठाने फर्मानातून समाजाचं नाव खोडलं. ज्याच्या कुळाबद्दल शंका येईल त्याची चौकशी करावी, हे कलम राहिलं.