कुलूप लावलेलं घर आणि रिकामं घर : कौन्सिल टॅक्सचे दोन वेगळे हिशेब

"घरात कोणी राहणार नाहीये ना? मग सामान हलवा, सहा महिने कौन्सिल टॅक्स माफ." कौन्सिल टॅक्स म्हणजे इंग्लंडमध्ये स्थानिक पालिकेला, म्हणजे कौन्सिलला, द्यायचा घराचा कर. तिथे घर बंद करताना असा सल्ला कोणी दिला, तर तो मार्च २०१३ पर्यंतचा आहे हे आधी लक्षात घ्या. तेव्हा तो खरा होता. आज तो पाळलात तर वर्षभराने दुप्पट बिल येऊ शकतं.

गोंधळ शब्दाचा आहे. आपण दोन्हीला 'रिकामं घर' म्हणतो. जिथे कोणी राहत नाही ते 'अनऑक्युपाइड', मग आत सोफा, पलंग, फ्रिज सगळं जागच्या जागी का असेना. कोणी राहत नाही आणि सामानही जवळपास काही नाही, ते 'व्हेकंट'. सोयीसाठी पहिल्याला कुलूप लावलेलं घर म्हणू, दुसऱ्याला रिकामं.

करमाफी आज मुख्यतः पहिल्या शब्दावर चालते, आणि तिथे प्रश्न विचारला जातो तो माणूस घर सोडून का गेला हा. समजा स्लाउमधल्या एक आजी कायमच्या केअर होममध्ये (शुश्रूषा होते अशा निवासात) गेल्या. त्यांचं घर करमाफीच्या 'क्लास ई' या वर्गात बसतं आणि पूर्ण कर माफ होतो, मुदतीशिवाय. त्या केअर होमऐवजी आजारपणामुळे लेकीकडे राहायला गेल्या तर 'क्लास आय'. आणि आजींची शुश्रूषा करायला लेकच आपलं घर बंद करून त्यांच्याकडे कायम राहायला गेली, तर तिच्या घराला 'क्लास जे'. आजींच्या कपाटात साड्या आहेत का, देवघर तसंच आहे का, याच्याशी या माफीचा काही संबंध नाही. कितीतरी कुटुंबं निव्वळ कर वाचावा म्हणून घाईघाईने आईवडिलांचं घर उपसतात, याचं मला फार वाईट वाटतं. कराची ती अटच नाही.

मृत्यूनंतरही तसंच. घर एकट्या मृत व्यक्तीच्या नावावर असेल आणि मागे तिथे कोणी राहत नसेल, तर 'क्लास एफ'खाली प्रोबेट (मृताच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याचा कायदेशीर अधिकार) मिळेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने कर लागत नाही. मात्र त्याआधी घर विकलं किंवा वारसाच्या नावावर केलं, की माफी तिथेच संपते.

भारतात तीन महिने जाऊन येणं यात कुठेच बसत नाही. तुमचं मुख्य घर तेच राहतं, म्हणून करही चालू राहतो.

आता दुसरा शब्द. २०१३ पर्यंत रिकाम्या घराला सहा महिने आणि मोठी दुरुस्ती चालू असलेल्या घराला वर्षभर देशभर सरसकट माफी होती. एप्रिल २०१३ मध्ये हे दोन वर्ग रद्द झाले आणि सवलत द्यायची की नाही, किती द्यायची, हे प्रत्येक कौन्सिलवर सोपवलं गेलं. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा, असं होऊ शकतं. त्याच वर्षी अधिभारही आला. १ एप्रिल २०२४ पासून घर वर्षभर रिकामं राहिलं तर कौन्सिल करावर आणखी १०० टक्के लावू शकते. पाच वर्षं झाली की २०० टक्क्यांपर्यंत, दहा वर्षांनंतर ३०० टक्क्यांपर्यंत.

इथे घड्याळ घराचं असतं, मालकाचं नाही. अनेक वर्षं पडून असलेलं घर स्वस्तात घेतलंत तर ती वर्षंही तुमच्या माथी येतात. मध्ये दोन-चार आठवडे कोणी राहून गेलं तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. सहा आठवड्यांहून जास्त वास्तव्य लागतं. घर खरेदीआधी ही चौकशी कौन्सिलकडे जरूर करा.

"मग सामान ठेवूनच देतो," ही पळवाटही आता बंद होत आली आहे. सामानासकट बंद असलेलं आणि कोणाचंही मुख्य घर नसलेलं घर 'सेकंड होम' ठरतं. १ एप्रिल २०२५ पासून अशा घरावरही कौन्सिलला १०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो, आणि तिथे वर्षभराची वाट पाहावी लागत नाही. सगळ्याच कौन्सिलांनी तो लावलेला नाही. घर खरोखर विक्रीला किंवा भाड्याला लावलं असेल, तर दोन्ही अधिभारांतून जास्तीत जास्त १२ महिने सुटका मिळते. नेहमीचा कर तेवढा भरावा लागतो.

म्हणून कौन्सिलला कळवताना नुसतं "घर रिकामं आहे" असं लिहू नका. कोण राहत होतं, कधी आणि कशासाठी गेलं, हे तारखांसह लिहा आणि केअर होमचं पत्र किंवा प्रोबेटची प्रत जोडा. नुसतं 'रिकामं' लिहिलंत तर कौन्सिल आधी सामानाची चौकशी करील आणि आजींच्या आजारपणाचा मुद्दा मागेच राहील. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहत असाल तर तिथले नियम वेगळे आहेत, ते तिथल्या कौन्सिलकडेच पाहा.