क्रिस्टलजवळचे दोन कपॅसिटर: 33, 22 आणि ‘लोड’ या शब्दाची पार्श्वभूमी

इंदूरच्या जेल रोडवर मायक्रोकंट्रोलरसाठी (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपसाठी) क्रिस्टल, म्हणजे चिपला ताल देणारा क्वार्ट्झचा तुकडा, मागितले, की बरेच दुकानदार न विचारता दोन सिरॅमिक कपॅसिटरही पुडीत टाकतात. ते बहुधा 22 पीएफचे (पिकोफॅराड, धारितेचे एकक) असतात, गिऱ्हाईक जुने असेल तर 33 चे. क्रिस्टल 4 मेगाहर्ट्झचे आहे की 16 चे, याचा त्या निवडीशी काही संबंध नसतो. ही जोडी कशी रूढ झाली हे समजण्यासाठी फार मागे जावे लागत नाही.

क्वार्ट्झचा दाबविद्युत गुण (दाबल्यावर वीज निर्माण होणे) 1880 पासून माहीत आहे आणि त्यावर चालणारी, नियमित स्पंदने देणारी आंदोलक मंडले 1920 च्या दशकात तयार झाली. संकेत उलटा करणारा एक प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर), त्याच्या दोन टोकांमध्ये क्रिस्टल आणि प्रत्येक टोकापासून ग्राउंडपर्यंत एक कपॅसिटर, ही आज चिपच्या पायांवर दिसणारी रचना त्याच काळातली आहे.

आपल्या हाताला वळण लावले ते 8051 या मायक्रोकंट्रोलरने. ही चिप 1980 मध्ये आली. पण इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रांसाठी नियंत्रण कार्डे बनवणाऱ्यांच्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांच्या आवाक्यात ती खऱ्या अर्थाने आली, ती 1990 च्या दशकात, विजेनेच पुसून पुन्हा लिहिता येणारी आवृत्ती मिळू लागल्यावर. तिच्या डेटाशीटमध्ये (निर्मात्याच्या माहितीपत्रकात) क्रिस्टलसाठी 30 पीएफ, अधिकउणे 10, एवढीच सूचना होती. 30 हा आकडा बाजारात सर्रास मिळणाऱ्या 12 मूल्यांच्या मालिकेत बसत नाही. 22, 27, 33 आणि 39 बसतात, आणि हे चारही 20 ते 40 च्या मर्यादेत येतात. त्यामुळे दुकानात जे होते तेच योग्य ठरले. त्या कार्डांवरचे क्रिस्टल बहुतेक वेळा 11.0592 मेगाहर्ट्झचे असे, कारण त्याला 12, 32 आणि 3 ने भागले की नेमका 9600 चा बॉड दर (तारेवरून माहिती पाठवण्याचा वेग) मिळतो. अशा सिरियल संवादाला एखाद-दुसऱ्या टक्क्याची चूक चालते. कपॅसिटर चुकल्याने होणारी चूक सुमारे 100 पीपीएम (दहा लाखांत 100), म्हणजे 0.01 टक्का, ती कोणाच्या लक्षात येणेच शक्य नव्हते. ही सवय बरोबर होती म्हणून टिकली असे म्हणता येणार नाही. तिची परीक्षा घेणारे काम तेव्हा समोर नव्हते.

खरा घोळ ‘लोड कपॅसिटन्स’ या शब्दाने केला आहे, आणि त्याकडे आपल्या शिकवण्यात फारच कमी लक्ष दिले जाते असे माझे मत आहे. ‘लोड’ म्हटले की आपल्याला मीटरवरचे किलोवॉट आठवतात. मराठीत ‘भार’ म्हटले तरी अर्थ तिकडेच ओढला जातो. इथे मात्र क्रिस्टल काही उचलत किंवा खर्च करत नाही. कारखान्यात क्रिस्टल घासून त्याची वारंवारता जुळवताना त्याच्या दोन पायांमध्ये जेवढी धारिता धरली होती, ती ही संख्या. क्रिस्टलवर 18 पीएफ लिहिले असेल, तर 18 चे दोन कपॅसिटर लावा असा त्याचा अर्थ होत नाही. क्रिस्टलच्या बाजूने पाहिले तर ते दोन कपॅसिटर एकसर जोडणीत असतात, म्हणून समान असल्यास त्यांची धारिता निम्मी होते. तीत चिपचे पाय आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा यांची आगंतुक 3 ते 5 पीएफ मिळवावी लागते. उलट हिशेब असा: 18 मधून 5 वजा करा, दुप्पट करा, 26 येतात, म्हणून 27 चे दोन घ्या. क्रिस्टल 20 पीएफचे असेल तर याच हिशेबाने नेमके 30 येतात. गोंधळात भर म्हणजे, कपॅसिटर आतच असलेल्या काही चिपच्या डेटाशीटमध्ये एकूण परिणामी धारिता दिलेली असते, तर काहींमध्ये प्रत्येक पायावरची. वाचणाऱ्याने यांपैकी कोणती हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. (डिस्क कपॅसिटरवर ‘220’ छापलेले असेल तर तीन अंकी खुणेप्रमाणे ते 22 पीएफ असतात, 220 नव्हे; या एका खुणेनेही अनेक बोर्ड बंद पाडले आहेत.)

हिशेबाची गरज पडली ती कार्डांमध्ये घड्याळ आल्यावर. 32.768 किलोहर्ट्झचे मनगटी घड्याळातले क्रिस्टल साधारणतः 12.5 पीएफसाठी जुळवलेले असते. इंदूरमधल्या एका शाळेच्या स्वयंचलित घंटेसाठी मी त्याच्याशेजारी सवयीने 33 चे कपॅसिटर लावले होते, आणि घंटा रोज सुमारे 3 सेकंद मागे पडू लागली. महिन्याला ते दीड मिनिट होते. कपॅसिटर मोठे झाले की क्रिस्टल मंदावते, लहान झाले की धावते. मूल्य सुधारल्यावरही मे महिन्यात थोडा फरक उरला. हे क्रिस्टल 25 अंशांवर सर्वांत वेगाने चालते आणि त्यापासून जितके अंश दूर जावे, त्याच्या वर्गाला 0.035 ने गुणल्यावर येतील तितके पीपीएम मागे पडते. 42 अंशांवर ते 10 पीपीएम, म्हणजे दिवसाला जवळपास 0.9 सेकंद झाले. थंडीतही ते मागेच पडते, त्यामुळे हा दोष कपॅसिटरने भरून निघत नाही.

पुढे झिगबीसारख्या बिनतारी संवादाने 40 पीपीएमची मर्यादा घातली, आणि बॅटरीवर चालणाऱ्या चिपनी आंदोलकाचा प्रवाह इतका कमी केला, की 6 ते 9 पीएफची क्रिस्टले रूढ झाली. अशा चिपला 33 चे कपॅसिटर लावले तर वारंवारता ढळणे ही दुय्यम गोष्ट ठरते. आंदोलन टिकवण्याची प्रवर्धकाची ताकद दोन्ही कपॅसिटरच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून दोन्ही दुप्पट केले की ती चौथाईवर येते, आणि थंडीतल्या सकाळी आंदोलन सुरूच होत नाही. कपॅसिटर तापमानाने न ढळणाऱ्या सी-झिरो-जी प्रकारचेच घ्यावेत.

तपासणीसाठी ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलवर टेकवू नये, कारण त्याची स्वतःची धारिता 10 पीएफच्या आसपास असते आणि मोजायचे तेच बदलते. 8051 मध्ये एएलई या पायावर क्रिस्टलचा सहावा हिस्सा मिळतो, 11.0592 साठी 1.8432 मेगाहर्ट्झ, नव्या अनेक चिपमध्ये घड्याळाचा संकेत एखाद्या पायावर बाहेर काढता येतो, आणि वारंवारता तिथे मोजावी.