गोषवारा आणि प्रस्तावना यांत नेमका फरक काय?

कोल्हापुरात उन्हाचा कडाका वाढू लागला की माझ्या टेबलावर शोधनिबंधांचे कच्चे खर्डे साचतात. विषय कुठलाही असो, एक गफलत हमखास सापडते. पहिल्या पानावर 'गोषवारा' म्हणून जे लिहिलेलं असतं, तेच दुसऱ्या पानावर थोडं फुगवून 'प्रस्तावना' म्हणून येतं. दोन्ही सुरुवातीला असतात, दोन्हींत विषयाचं नाव असतं, म्हणून घोटाळा होतो. पण हा एक फरक पक्का बसला की पुढचा निबंधही बराचसा मार्गी लागतो, असा माझा अनुभव आहे.

उदाहरण गुऱ्हाळाचं घेऊ. समजा, करवीर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा विषय असा आहे: उसाचा रस उकळायच्या काहिलीत एकदा रानभेंडीचा चिकट रस घातला आणि एकदा हायड्रॉस पावडर (गुळाचा रंग उजळवणारं रसायन) घातली, तर गुळाच्या रंगात आणि टिकण्यात काय फरक पडतो? तिचा गोषवारा सुरू होतो, "कोल्हापूरचा गूळ प्रसिद्ध आहे. गूळ आरोग्याला हितकारक असतो. प्रस्तुत निबंधात गूळनिर्मितीचा अभ्यास करून महत्त्वाचे निष्कर्ष मांडले आहेत."

कोणते निष्कर्ष? वाचणाऱ्याला तेच तर हवे होते. गोषवारा म्हणजे अख्खा निबंध आटवून केलेला मजकूर, साधारण १५० ते २५० शब्दांचा. त्यात प्रश्न, पद्धत, निकाल आणि निकालाचा अर्थ हे चारही यायलाच हवेत. संशोधनाच्या शोधयादीत अनेकदा गोषवारा तेवढाच दिसतो आणि पुढचं वाचायचं की नाही हे त्यावरून ठरतं. म्हणून तो एकटा उभा राहिला पाहिजे: त्यात सहसा संदर्भ नकोत, 'तक्ता ३ पाहा' नको. 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकाने १९८७ मध्ये गोषवाऱ्याला उपशीर्षकं देण्याची पद्धत आणली, ती यातलं काही निसटू नये म्हणूनच. आमच्या विद्यार्थिनीने "तीन गुऱ्हाळांतली बारा आदणं तपासली, सहांत भेंडी, सहांत हायड्रॉस" असं लिहून (आदण म्हणजे काहिलीत एका वेळी उकळलेला रस) पुढच्याच वाक्यात रंगाचा आणि टिकण्याचा निकाल आकड्यांत दिला, तर काम झालं.

प्रस्तावनेची वाट वेगळी. ती वाचकाला माहितीच्या गोष्टीकडून माहीत नसलेल्या गोष्टीकडे नेते आणि प्रश्नापाशी आणून सोडते. भाषाअभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये तिच्या तीन चाली सांगितल्या: क्षेत्र दाखवा, त्यातली रिकामी जागा दाखवा, मग त्या जागेत आपलं काम मांडा. आमच्याकडे पहिली चाल चार पानं चालते आणि दुसरी येतच नाही.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाक्य प्रस्तावनेत जरूर यावं. पण त्याला पुढचं वाक्य हवं: पिवळ्याधमक रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, गिऱ्हाईक असतं, त्या रंगापायी हायड्रॉस वापरलं जातं, आधीच्या अभ्यासांनी रंग तपासला. मग रिकामी जागा: पावसाळ्यातल्या साठवणीत हा गूळ किती टिकतो, हे तिने वाचलेल्या अभ्यासांत कुठेच नसेल, तर ते इथे स्पष्ट लिहावं, आणि लगेच आपला प्रश्न. संदर्भांची खरी जागा हीच. अर्थशास्त्रात मात्र प्रस्तावनेतच मुख्य निकाल सांगून टाकायची रीत आहे, तेव्हा आपल्या विषयातले चार चांगले निबंध आधी पाहावेत.

लिहिताना क्रम उलटा ठेवावा. आधी पद्धत आणि निकाल, मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी गोषवारा. चर्चासत्रवाले गोषवारा काही महिने आधी मागतात, तो पाठवावाच लागतो; पण तोच पुढे निबंधाला चिकटवू नये, नव्याने लिहावा. मग प्रस्तावनेतला शेवटचा प्रश्न आणि गोषवाऱ्यातला निकाल एका कागदावर शेजारी शेजारी उतरवून पाहावेत. प्रश्न टिकण्याचा आणि उत्तर फक्त रंगाचं, असं दिसलं तर वाक्यं दुरुस्त करत बसू नका. बारा आदणांची नोंदवही काढा आणि टिकण्याच्या नोंदी खरंच घेतल्या होत्या का, ते आधी बघा.