व्हायव्हॅक्स, डफी आणि भौतिकशास्त्रातून आलेला संशोधक

मलेरियाच्या लशीचा विषय निघाला की आफ्रिकेतल्या मुलांना सध्या दिल्या जाणाऱ्या दोन लशींबद्दल बोलले जाते. त्यांतली दुसरी पुण्यात तयार होते. तिला २०२३ मध्ये जागतिक शिफारस मिळाली. दोन्ही लशी फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीसाठी आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात रक्ताच्या रिपोर्टवर सर्रास दिसणाऱ्या व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीवर मात्र वापरात आलेली एकही लस नाही. त्या दिशेने झालेले बरेचसे काम मुंबईत भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेल्या चेतन चिटणीस या संशोधकाशी जोडलेले आहे.

सिफिलिसवर उपचार म्हणून रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला जात असे, तेव्हाच अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते की बहुतेक कृष्णवर्णीय रुग्णांना व्हायव्हॅक्सचा ताप चढतच नाही. त्याचे कारण १९७५-७६ मध्ये हाती लागले. व्हायव्हॅक्सच्या जवळचा, माकडांतला नोलेसी हा परजीवी डफी हे पृष्ठभागावरचे प्रथिन नसलेल्या (म्हणजे डफी-निगेटिव्ह रक्तगटाच्या) तांबड्या पेशीवर बसतो, वळून आपले टोकही तिच्यावर टेकवतो. पण पेशीशी घट्ट जोड काही तयार होत नाही आणि तो सुटून जातो. पाठोपाठ ११ कृष्णवर्णीय आणि ६ गोऱ्या स्वयंसेवकांना व्हायव्हॅक्सचे डास चावू दिले गेले. लागण झाली नाही ती फक्त पाच जणांना, आणि ते पाचही डफी-निगेटिव्ह होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपला भौतिकशास्त्रज्ञ याच शोधामागच्या वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. डफीला चिकटणारे परजीवीचे प्रथिन तोवर माहीत झाले होते, त्याचा नेमका कोणता भाग चिकटतो हे मात्र नाही. त्याने प्रथिनाचे तुकडे पाडले, एकेक तुकडा माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर उमटवला आणि वर माणसाच्या तांबड्या पेशी ओतल्या. एकाच तुकड्याभोवती, प्रथिनाच्या क्रमाने दुसऱ्या असलेल्या भागाभोवती, तांबड्या पेशी पाकळ्यांसारख्या दाटीने जमल्या. डफी-निगेटिव्ह रक्त ओतल्यावर काहीच जमले नाही. १९९४ चा हा प्रयोग आजही बघण्यासारखा आहे. हजारभर अमिनो आम्लांच्या प्रथिनातला सुमारे ३३० आम्लांचा पट्टा त्याने नेमका वेगळा काढला होता.

पुढे दिल्लीत आल्यावर त्याने याच पट्ट्याची लस करायचे ठरवले, आणि खरा वाद तिथून सुरू होतो. एवढी वर्षे एका प्रथिनाच्या एका भागावर लावावीत का? फॅल्सिपेरमच्या अनुभवावरून अनेकांचे उत्तर 'नाही' असे होते, कारण तो पेशीत शिरायची एक वाट अडवली की दुसरी धरतो. हा पट्टा वेगवेगळ्या भागांतल्या परजीवींत बदलतो, हा दुसरा आक्षेप. मग २०१० मध्ये मादागास्करमधून बातमी आली, की तिथे डफी-निगेटिव्ह लोकही व्हायव्हॅक्सने आजारी पडले आहेत. ज्या पायावर सगळे उभे होते तोच हलला, असे तेव्हा म्हटले गेले.

माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. मादागास्करमध्ये डफी-पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह माणसे शेजारी राहतात, तरीही निगेटिव्ह लोकांत हा आजार कमीच आढळला. २०२३ मध्ये तर असे दिसले की निगेटिव्ह माणसाच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडत असताना त्यांच्यावर काही काळ डफी येऊन जाते. म्हणजे परजीवीला तिथेही ओळखीचाच दरवाजा सापडत असावा. कामातल्या अडचणी वेगळ्याच होत्या. या पट्ट्यात सिस्टीन ही आपसांत जोड्या बांधणारी १२ अमिनो आम्ले आहेत. जिवाणूंत बनवलेले प्रथिन चुकीचे गुंडाळले जाई आणि ते उलगडून पुन्हा नीट घडवावे लागे. शिवाय फॅल्सिपेरम १९७६ पासून प्रयोगशाळेत वाढवता येतो, पण व्हायव्हॅक्सला कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात, त्यामुळे तो अजूनही सलग वाढवता येत नाही. प्रतिपिंडांची परीक्षा घ्यायची कशावर, हा प्रश्न कायम राहिला. त्यासाठी व्हायव्हॅक्सचे जनुक घातलेला नोलेसी वापरायची सोय बऱ्याच उशिरा झाली.

मूळचे भौतिकशास्त्र दरम्यान दुसऱ्या कामात दिसत होते. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असते, रक्तद्रवात फारच कमी. बाहेर पडताच हा फरक जाणवून परजीवीच्या आत कॅल्शियम वाढते आणि चिकटणारी प्रथिने सोडली जातात, असे त्याच्या गटाने २०१० मध्ये मांडले. त्यालाही तीन वर्षांत आव्हान मिळाले.

या पट्ट्याच्या लशीचा पहिला ठोस निकाल २०२३ मध्ये ऑक्सफर्डहून आला. मात्रांमध्ये मोठे अंतर ठेवलेल्या सहा स्वयंसेवकांत परजीवी वाढण्याचा वेग लस न घेतलेल्यांपेक्षा सरासरी ५१ टक्क्यांनी घटला. लागण टळली नाही, आणि सहा हा आकडा लहानच आहे. त्यांना दिलेला परजीवी थायलंडमधल्या एका रुग्णाकडून आलेला होता, म्हणून भारतातल्या परजीवींवर हीच प्रतिपिंडे किती चालतात हे इथेच तपासावे लागेल.