इन्सुलिन पंपाची उपलब्धता

इन्सुलिन पंप हे त्वचेखालील चरबीच्या थरात दिवसरात्र थोडेथोडे इन्सुलिन सोडणारे, अंगावर बाळगायचे छोटे यंत्र असून ते मुख्यतः प्रकार १ च्या, म्हणजे ज्यांचे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा मधुमेहींना दिले जाते. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केडिश यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तयार केलेला पंप पाठीवर घेण्याएवढा मोठा होता. लंडनमधील गायज हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९७८ मध्ये, अंगावर बाळगता येणाऱ्या छोट्या पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन देण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

पंप कोणाला मिळावा हे वैद्यकीय गरजेइतकेच खर्च उचलणाऱ्या यंत्रणेच्या निकषांवर ठरते. सरकारी आरोग्यसेवेने कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शनानुसार, रोज अनेक इंजेक्शने घेऊनही ज्यांचे एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा रक्तचाचणीचा आकडा) ८.५ टक्के किंवा त्याहून अधिक राहते, किंवा साखर आटोक्यात आणताना ती वारंवार धोकादायकरीत्या उतरून ज्यांचे जगणे विस्कळीत होते, अशा प्रौढांनाच पंप देय होता. यातली विसंगती उघड आहे : रात्री उठून साखर तपासत, घासाघासाचा हिशेब ठेवत ज्याने आकडा खाली ठेवला, तोच अपात्र ठरे. अंगावर लावलेल्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदींनुसार इन्सुलिनची मात्रा आपोआप बदलणाऱ्या ‘हायब्रिड क्लोज्ड लूप’ प्रणालींसाठी याच संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रौढांची ही मर्यादा ७.५ टक्क्यांवर आणली, तर मुले आणि गर्भवती यांना आकड्याची अट ठेवली नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या, मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेत निकष वेगळ्या प्रकारचा आहे. तेथे स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारी सी-पेप्टाइड चाचणी किंवा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्ध शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांची चाचणी पाहिली जाते.

यंत्र एकदा हाती आले तरी उपलब्धतेचा प्रश्न सुटत नाही. इन्सुलिनची टाकी, नळी आणि त्वचेखाली राहणारी बारीक नळी म्हणजे कॅन्युला साधारणतः दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते, त्यामुळे पंपाचा खरा खर्च हा कायम चालू राहणारा खर्च असतो. नळी भरताना तीत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढे इन्सुलिन शरीरात जात नाही. कॅन्युला आत दुमडली तर यंत्र चालू दिसते, पण मात्रा पोहोचत नाही. पंपात फक्त जलद परिणाम करणारे इन्सुलिन असल्याने शरीरात दीर्घकाळ टिकणारा साठा नसतो आणि पुरवठा खंडित झाल्यास काही तासांतच कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून बनणारी, रक्त आम्लधर्मी करणारी द्रव्ये) वाढू लागतात. म्हणून पंप वापरणाऱ्याजवळ इन्सुलिन पेन किंवा सिरिंज राखीव असावी लागते, तसेच बिघाड ओळखून मात्रा ठरवण्याचे प्रशिक्षण देणारी, अडचणीच्या वेळी फोनवर सापडणारी चमूही लागते. जिथे विमा यंत्राचे पैसे देतो पण सुट्या साहित्याचे देत नाही, तिथे तीन दिवसांचा सेट पाच दिवस वापरण्याकडे कल वाढतो. त्यातून त्वचेचा संसर्ग होतो आणि इन्सुलिनचे शोषणही बिघडते.

हमीची मुदत संपलेले जुने पंप मात्र काही काळ अनपेक्षितपणे मोलाचे ठरले. त्यांतील काहींना बाहेरून आज्ञा देता येत असल्याने, २०१५ च्या सुमारास काही मधुमेहींनी ते सेन्सर आणि छोट्या संगणकाशी जोडून स्वतःच स्वयंचलित प्रणाली उभ्या केल्या. अशा प्रकारची पहिली व्यावसायिक प्रणाली अमेरिकेत मंजूर झाली ती २०१६ मध्ये.