संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील मार्गदर्शित निसर्गभ्रमंती

मुंबईच्या उत्तरेस बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या सुमारे १०४ चौ. किमी. जंगलात जाणकाराच्या सोबतीने होणारी पायी भटकंती. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन्ही तलाव याच जंगलात असून त्यांचे पाणी आजही मुंबई पिते.

विहार तलाव मिठी नदी अडवून बांधला. मुंबईला नळाचे पाणी पहिल्यांदा मिळाले ते इथून. पाणी गढूळ होऊ नये म्हणून भोवतालच्या डोंगरांवर वस्ती आणि शेती वाढू दिली नाही. राष्ट्रीय उद्यान झाले ते कितीतरी नंतर. हे रान आधी पाण्यासाठी राखले गेले, बिबट्याचा विचार मागाहून आला, असे म्हणायला हरकत नाही. शहराच्या सात तलावांच्या एकूण साठ्यात या दोघांचा वाटा मात्र जेमतेम अडीच टक्के आहे.

कान्हेरी लेण्यांपर्यंत कोणालाही तिकीट काढून जाता येते. शिलोंडासारख्या आतल्या वाटेवर मात्र वनविभागाची परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो. तलावांच्या काठी सर्वसामान्यांना मज्जाव आहे. तिथे मगरीही आहेत. गोरेगावला चित्रनगरीलगत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र असून तेही अशा फेऱ्या काढते.

शिलोंड्याची वाट ओढ्याच्या संगतीने जाते. बिबट्या दिसेल या आशेने आलेले बहुतेक जण हिरमुसतात, कारण तो क्वचितच दर्शन देतो. पाहण्यासारखे असते ते लहानसहान. पावसाळा सरता सरता वाटेवर वनकोळ्याची पिवळसर जाळी लागतात. मध्यभागी बसलेली मादी पायांसकट तळहाताएवढी भरते, तर त्याच जाळ्याच्या कडेला असलेला नर इतका बारका की दाखवल्याशिवाय दिसत नाही.

उतारांवर माजलेली कारवी हे झुडूप; ती आठ वर्षांनी एकदाच फुलते; २०१६ आणि २०२४ मध्ये ती इथे बहरली होती. तिचे दाट रान पावसाच्या माऱ्यातही डोंगराची माती धरून ठेवते, म्हणून तलावात जाणारा गाळ कमी होतो. उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली तिच्या काठ्यांचे कूड घालतात आणि वाघोबाला देव मानतात. कान्हेरीला जोडून फेरी केली, तर डोंगरावरचे पावसाचे पाणी खोदीव पन्हाळींतून लेण्यांपुढच्या पोढ्यांत, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यांत, कसे उतरते, हे पावसाळ्यात प्रत्यक्ष पाहता येते.